चाचणीचा अहवाल हातात आला, आता पुढे काय? व्यवसाय समुपदेशकाचं नेमकं काम कोणतं?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या युवक केंद्रात १५ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी व्यवसाय मार्गदर्शन सुरू होतंय. समुपदेशनाचं प्रशिक्षण झालेलं आहे, पण ते भावनिक अडचणींसाठीचं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा आवड-गटांवरची एक अभिरुची (आवडीची) चाचणी आणि एक अभिक्षमता (कोणत्या कामाची कुवत किती याची) चाचणी संच असं साहित्य आहे. चाचणी घेणं, गुण काढणं, आलेख करणं जमतं. अडतं ते त्यानंतर.

कोणाचीही ओळख पटणार नाही असं एक नमुन्याचं उदाहरण देते. मुलगी १६ वर्षांची. अभिरुचीचे टी-गुण: कलात्मक ६२, सामाजिक ५८, संशोधक ५६, बाकी तीन ५० च्या खाली. अभिक्षमतेचे पर्सेंटाइल: अवकाशीय आकलन ८४, भाषिक ७१, यांत्रिक ५८, संख्यात्मक ४६. मुलगी म्हणते आर्किटेक्ट व्हायचंय. वडील म्हणतात लेखापाल, कारण "काम कधी संपत नाही". अहवाल बघून दोघांचाही प्रश्न एकच: होईल का, हो की नाही ते सांगा.

माझे प्रश्न:
१) हे आकडे किती ताणायचे? संख्यात्मक ४६ म्हणजे आर्किटेक्चर बाद समजायचं का?
२) एका मुलामागे किती बैठका धराव्या आणि कोणत्या बैठकीत काय करावं?
३) पालकांना कधी आत घ्यायचं, कधी बाहेर ठेवायचं?
४) थेट उत्तर द्यायचं की नाही? नाही दिलं तर "मग तुम्ही कशाला?" हा प्रश्न येतोच.

---

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाला धरून लिहितो, कारण गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, हे पालकांना पहिल्या दोन मिनिटांत सांगा. ४६ पर्सेंटाइल म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या १०० जणांपैकी साधारण ४६ जण तिच्या मागे. परीक्षेत ४६ टक्के मिळाले असा अर्थ घरी घेतला जातो आणि तिथून पुढचं सगळं संभाषण वाकडं होतं. दुसरं, पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. मधल्या भागात त्या दाटीने असतात, टोकांना लांब लांब. ५० ते ६० हे अंतर पाव प्रमाण विचलनाएवढं (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), तर ९० ते ९८ हे जवळजवळ पाऊण प्रमाण विचलनाचं. त्यामुळे तुलना करण्याआधी सगळं टी-गुणांत फिरवून घ्या (सरासरी ५०, प्रमाण विचलन १०). तुमच्या उदाहरणात: अवकाशीय ८४ म्हणजे टी ६०, भाषिक ७१ म्हणजे साधारण ५५.५, यांत्रिक ५८ म्हणजे ५२, संख्यात्मक ४६ म्हणजे ४९.

आता मोजमापात किती चूक असू शकते ते बघा. चाचणीची विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे याचं ० ते १ मधलं माप) समजा ०.८५ आहे. मोजमापाची प्रमाण त्रुटी = १० गुणिले (१ वजा ०.८५) चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ३.९. दोन उपचाचण्यांची तुलना करताना ही त्रुटी दोन्हीकडून येते, म्हणून फरकाची प्रमाण त्रुटी ५.५ च्या आसपास. तेव्हा दोन टी-गुणांत १०-११ चं अंतर असल्याशिवाय "यात ती जास्त चांगली, त्यात कमी" असं खात्रीने म्हणता येत नाही. या हिशेबाने अवकाशीय आणि संख्यात्मक यांतला फरक जेमतेम खरा धरण्याजोगा आहे, अवकाशीय आणि भाषिक यांतला मुळीच नाही. यांत्रिक आणि संख्यात्मक यांवर तर वेळच घालवू नका. तुमच्या चाचणीच्या पुस्तिकेत प्रत्येक उपचाचणीची विश्वसनीयता वेगवेगळी दिलेली असेल, ती घालून हा हिशेब करा, ०.७० ची असेल तर त्रुटी ५.५ वर जाते.

हेच अभिरुचीच्या गुणांना लागू. ६२, ५८, ५६ यांत कोण पहिला, कोण तिसरा हे ठरवायला ही चाचणी तेवढी बारीक नाही. संगणक छापतो "कलात्मक-सामाजिक-संशोधक" आणि मग सगळे त्या तीन शब्दांच्या क्रमाला धरून बसतात. तिन्ही गटांचे सगळे, म्हणजे सहाही क्रम लावून व्यवसायांची यादी बघा. यादी लांबेल, पण तेच हवंय. १६ व्या वर्षी यादी आखूड करण्याची घाई नको.

संख्यात्मक ४६ कडे परत येतो. हा सरासरी गुण आहे. याने कुठलंही दार बंद होत नाही. पण त्या आकड्याच्या आत बघा. वेळ लावून घेतलेल्या चाचणीत किती प्रश्न सोडवायला घेतले आणि किती बरोबर आले, हे वेगवेगळं लिहून ठेवा. ४० पैकी २२ घेतले आणि २१ बरोबर, किंवा ३८ घेतले आणि २१ बरोबर: गुण एकच, पर्सेंटाइल एकच, मुलगी मात्र वेगळी. पहिली सावकाश पण पक्की आहे, तिला सराव आणि वेळ मिळाला तर गाडी पुढे जाते. दुसरीच्या पायाभूत कल्पना ढिल्या आहेत किंवा ती अंदाजाने ठोकत गेली. उत्तरपत्रिका घेऊन चुकलेल्या प्रश्नांचे प्रकार पाडा: अपूर्णांक, गुणोत्तर, तक्ते वाचणं. अर्ध्या तासाचं काम आहे. छापील अहवालात ते कधीच येत नाही.

अभिरुचीतल्या कमी गुणांबाबत एक सावधगिरी. मुलांनी "आवडत नाही" वर खूण केलेली असते तेव्हा पुष्कळदा "कधी केलेलं नाही, काय असतं ठाऊक नाही" असा अर्थ असतो. हाताने आणि यंत्राने करायच्या कामांच्या गटात मुलींबाबत हे फार होतं. त्या गटातले सहा-सात प्रश्न तोंडी परत विचारा: हे कधी करून पाहिलंस का? तसंच प्रमाणकं (ज्यांच्याशी तुलना करून गुण काढतात ते आकडे) मुली-मुलांची एकत्र आहेत की वेगळी हे पुस्तिकेत तपासा. एकत्र असतील तर मुलींचे गुण या गटात सरासरीने कमी आणि सामाजिक गटात जास्त दिसतात.

सहाही गुण सपाट, म्हणजे जवळजवळ सारखे आले तर त्यातून तीन गटांचा क्रम काढूच नका. सगळे उंच आणि सपाट: मुलाला खरंच पुष्कळ काही आवडतं, किंवा त्याने सगळीकडे "हो" मारत नेलं. सगळे खाली आणि सपाट: अनुभव तोकडा, किंवा कंटाळून भरलं, किंवा मन खचलेलं आहे. शेवटची शक्यता तुमच्या मूळ प्रशिक्षणातली आहे. झोप, भूक, रोजच्या गोष्टींतला रस यांची चौकशी करा आणि गरज पडली तर आधी तिकडे पाठवा. खचलेल्या मनाने भरलेला अभिरुचीचा तक्ता फक्त तो दिवस मोजतो.

आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार सांगणाऱ्या "चाचण्या", हस्ताक्षरावरून करिअर, असलं काही कोणी संचात खपवत असेल तर दारातूनच परत पाठवा. त्याला शास्त्रीय आधार नाही. रंगीत पानांचा अहवाल मिळतो, पालक खूश होतात आणि नुकसान मुलाचं होतं.

---

तिसरा_पाय

आकड्यांवर वर छान लिहिलंय. पण चाचणी हा या कामाचा लहान भाग आहे, आणि बहुतेक केंद्रांत तोच मोठा होऊन बसतो.

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय सुरू केलं. १९०९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्यांचं पुस्तक आलं. त्यातली मांडणी तीन पायांची: स्वतःची ओळख, कामाच्या जगाची ओळख, आणि या दोन्हींचा एकमेकांशी नीट विचार. शंभर वर्षांहून जास्त काळ गेला तरी मधला पायच लंगडा राहतो. स्वतःची ओळख म्हणून चाचणी होते, मग एकदम निर्णय. कामाबद्दल मुलाला माहीत काय असतं? नातेवाइकांचे व्यवसाय, पडद्यावर दिसणारे व्यवसाय, आणि शाळेत रोज दिसणारा एक. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात व्यवसायांचे १० मोठे गट आणि ४३६ सर्वांत लहान गट आहेत. मुलांना कोरा कागद देऊन माहीत असलेले व्यवसाय लिहायला सांगा. कागद लवकर थांबतो.

बैठकांचं. २००० साली ब्राउन आणि क्रेन यांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. साधारण चार-पाच बैठकांत सर्वांत जास्त फायदा दिसला, आणि ज्या उपक्रमांचा परिणाम चांगला त्यांत पाच गोष्टी परत परत आढळल्या: लेखी काम, अहवालाचा त्या एका व्यक्तीपुरता अर्थ लावणं, कामाच्या जगाची माहिती, त्या वाटेने गेलेल्या माणसांशी ओळख, आणि घरच्यांचा-मित्रांचा आधार उभा करणं. यातल्या चार गोष्टी चाचणीशिवायही करता येतात, हे लक्षात घ्या. मी मांडणी अशी करेन:

पहिली बैठक, ५० मिनिटं. चाचणी नाही. मुलगी इथे का आली, कोणी पाठवलं, आत्तापर्यंत काय काय मनात येऊन गेलं आणि का सोडलं. सोडलेल्या पर्यायांची यादी घ्यायचीच. ती आवडलेल्या पर्यायांपेक्षा जास्त बोलकी असते. घरी घेऊन जायला एक कागद: गेल्या दोन वर्षांत वेळेचं भान राहिलं नाही अशा पाच गोष्टी, आणि प्रत्येकीत नेमकं काय करत होतीस. "चित्रकला" हे उत्तर पुरत नाही. रंग लावत होतीस, मोजून रेषा आखत होतीस, की दुसऱ्याला शिकवत होतीस? क्रियापद हवं.

दुसरी, चाचणीची. सकाळी, जेवणानंतर लगेच नाही, एका खोलीत फार गर्दी न करता. अभिक्षमतेच्या उपचाचण्यांत मध्ये थोडी विश्रांती.

तिसरी, अहवाल. अहवाल पुढे सरकवण्याआधी तिला अंदाज करू द्या: सहा गटांची वर्णनं वाचून दाखवा, क्रम लावायला सांगा, मग छापील क्रम दाखवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे बोलण्यासारखं असतं. या बैठकीतून ६ ते १० व्यवसायांची यादी निघावी, आणि त्यात तिने आधी कधी न ऐकलेले निदान तीन असावेत.

चौथी आणि पाचवी यांच्यात तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा, कारण मधे तिने काम करायचं आहे. चौथीत शोधाची तयारी, पाचवीत निर्णयाकडे.

आता तुमच्या मुलीचं. "आर्किटेक्ट" हे नाव झालं. त्या नावातलं तिला काय हवंय? इमारतीचं बाहेरचं रूप, आतली मांडणी, मॉडेल करायला आवडतं, नकाशे, की "घरं बांधतो" या शब्दाभोवतीचा मान? प्रत्येक उत्तराला शेजारची वेगळी कामं आहेत: अंतर्गत रचना, उद्यान आणि परिसर रचना, नगररचना, आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन, इमारतीचं संगणकावरचं त्रिमिती मॉडेल करणारा, प्रदर्शन आणि नेपथ्याची रचना, फर्निचर डिझाइन, जुन्या वास्तूंचं जतन, नकाशाशास्त्र. यांतल्या काहींचं शिक्षण दोन-तीन वर्षांचं. आर्किटेक्चरचं बहुतेक ठिकाणी पाच वर्षांच्या आसपास आणि त्यावर अनुभव आणि नोंदणी.

शोधाचं काम असं द्या. प्रत्येक व्यवसायासाठी तीन स्रोत: एक छापील किंवा सरकारी वर्णन (अमेरिकी ओ-नेट हे संकेतस्थळ मोफत आहे; कामाची वर्णनं चांगली आहेत, पगार आणि परवान्याची माहिती मात्र तिथलीच), एक ते काम करणारी व्यक्ती, एक ते काम सोडलेली किंवा शिकायला सुरुवात करून थांबलेली व्यक्ती. तिसरा स्रोत लोक विसरतात. भेटीला २० मिनिटं मागायची आणि २० मिनिटांतच उठायचं. प्रश्न:

— काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत, क्रमाने?
— आठवड्यातला सर्वांत जास्त वेळ कशात जातो?
— कोणत्या कामाची टाळाटाळ करता?
— या क्षेत्रात आलेले लोक कशामुळे सोडून जातात?
— नवीन माणसाला पहिली दोन वर्षं काय करायला देतात?
— मला आज एक छोटं काम करून बघायचं असेल तर काय करू?

"तुम्हाला तुमचं काम आवडतं का?" हा प्रश्न बाद. उत्तर नेहमी "हो" येतं. "काल काय केलंत" यातून मात्र कळतं की आर्किटेक्टचा दिवस चित्रं काढण्यात जात नाही. परवानग्या, ग्राहकाशी बैठका, बांधकामाच्या जागेवरची देखरेख, बदललेले आराखडे परत काढणं आणि अडलेली फी मागणं यात जातो. हे ऐकूनही डोळे चमकत राहिले, तर ती माहिती कुठल्याही टी-गुणापेक्षा मोलाची.

शेवटच्या प्रश्नातून आलेलं काम प्रत्यक्ष करायला लावा. तुमच्या मुलीसाठी: आपल्या राहत्या खोलीचं मोजपट्टीने माप घेऊन १:५० प्रमाणात आराखडा, दारं-खिडक्यांसह, आणि त्याच खोलीच्या दोन पर्यायी मांडण्या. साधारण सहा-आठ तासांचं काम. करताना गुणोत्तर लागतं, त्यामुळे ४६ चंही आपोआप कळतं. अर्धवट सोडलं तर रागवायचं नाही, कुठे सोडलं ते विचारायचं.

चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर: "होईल का" याचं भाकीत करू नका. "काय केल्यावर कळेल" हे मात्र अगदी थेट, तारखेसह सांगा. पालकांना कृती मिळाली की "मग तुम्ही कशाला" विचारलं जात नाही.

---

उंबरठा

पालकांबद्दल थोडक्यात.

पहिली १५ मिनिटं सगळे एकत्र. त्यात गोपनीयतेचा नियम मोठ्याने सांगायचा: मुलगी काय बोलली ते तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, जिवाला धोका असेल तर अपवाद. मग मुलगी एकटी. तिसऱ्या बैठकीच्या शेवटची २० मिनिटं आणि पाचवी पूर्ण, परत एकत्र. पालकांना एकट्यांना गुपचूप भेटू नका. मुलगी तुम्हाला घरच्यांच्या बाजूचं समजते, आणि मग तिच्याकडून काही येत नाही.

वडिलांचं "काम कधी संपत नाही" हे वाक्य खोडू नका. ते त्यांचं मूल्य आहे: स्थैर्य. विचारा, स्थैर्य म्हणजे नेमकं काय? दर महिन्याला ठरलेली रक्कम, गाव न सोडणं, की वय वाढल्यावरही काम मिळणं? उत्तर आलं की तो एक निकष झाला, आणि तो मुलीच्या यादीतल्या प्रत्येक व्यवसायाला लावता येतो. "लेखापाल विरुद्ध आर्किटेक्ट" या भांडणातून बाहेर पडायला यापेक्षा सोपी वाट नाही. लेखापालाचं कामही त्याच प्रश्नपत्रिकेतून जाऊ द्या. वडिलांनी स्वतः एखाद्या लेखापालाला "काल काय केलंत" विचारून यावं. गंमत म्हणजे पालकांनाही आपण सुचवलेल्या व्यवसायाचा दिवस क्वचितच माहीत असतो.

सोडलेल्या पर्यायांबद्दल वर आलंय, त्याला जोड. लिंडा गॉटफ्रेडसन यांची १९८१ ची मांडणी वाचा. मुलं व्यवसाय निवडत जाण्याऐवजी वगळत जातात: साधारण ६ ते ८ वयात "हे मुलींचं नाही" म्हणून, ९ ते १३ मध्ये "हे आपल्या घराला शोभणारं नाही" किंवा "हे आपल्या आवाक्यातलं नाही" म्हणून. १४ नंतर आवडीचा विचार सुरू होतो, पण तोवर निम्मी यादी न बघताच फेकलेली असते. तुमच्याकडे १६ व्या वर्षी येणारी मुलगी उरलेल्यातून निवडते आहे. त्यामुळे फेकलेल्या यादीतून दोन-तीन नावं उचलून परत टेबलावर ठेवणं हे समुपदेशकाचंच काम. ती परत फेकेल, हरकत नाही, पण या वेळी बघून फेकेल.

---

पायवाट

फार उपयोगाचं मिळालं, तिघांचेही आभार. क्रियापद हवं हे तर लगेच वापरते. दोन गोष्टी राहिल्या.

एक, पाचव्या बैठकीत निर्णय तक्ता वापरावा असं प्रशिक्षणाच्या टिपणात आहे: निकष, त्यांना वजन, गुणाकार, बेरीज. उपयोग होतो का? की मुलं हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे फिरवतात?

दोन, सगळं करूनही "मला ठरवताच येत नाही" म्हणणारी मुलं. त्यांचं काय?

---

मोजपट्टी

फिरवतात, आणि फिरवू द्यावेत. कुठला आकडा फिरवला ते मात्र टिपून ठेवा.

आधी तक्त्यात काय येऊ द्यायचं ते बघा. ज्यात तडजोड शक्यच नाही अशा अटी तक्त्याबाहेर, आधी. रंगांची ओळख हे ठळक उदाहरण: वैमानिक, रेल्वे इंजिन चालक, जहाजावरचा नौचालन अधिकारी यांना ती तपासणी पार करावीच लागते, विजेच्या तारांच्या कामातही पुष्कळ ठिकाणी. इशिहारा पट्ट्यांची (रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची) तपासणी काही मिनिटांची असते, आणि पुरुषांमध्ये लाल-हिरव्याची अडचण काही विरळा नाही. दोन वर्षं तयारी केल्यावर हे कळणं फार महागात पडतं. तसंच किमान वय, उंची-दृष्टीच्या अटी, प्रवेशासाठी सक्तीचे विषय. विषयांचं तर पहिल्याच बैठकीत बघा, कारण विषय सोडण्याची तारीख तुमच्या पाचव्या बैठकीची वाट बघत नाही.

मग तक्ता. निकष पाचाच्या वर नकोत. वजनं मिळून १००. गुण १ ते ५. तुमच्या मुलीचा काल्पनिक तक्ता मांडतो. निकष: रोजचं काम आवडणं ३०, शिक्षणाचा काळ आणि खर्च २५, काम मिळण्याची शक्यता २०, गाव न सोडणं १५, पुढे वळण घेता येणं १०.

आर्किटेक्चर: ५, २, ३, २, ४. बेरीज १५० + ५० + ६० + ३० + ४० = ३३०.
अंतर्गत रचना: ४, ४, ३, ३, ३. बेरीज १२० + १०० + ६० + ४५ + ३० = ३५५.
लेखापाल: २, ४, ४, ४, ४. बेरीज ६० + १०० + ८० + ६० + ४० = ३४०.

कमाल ५०० असताना ३३०, ३४०, ३५५ म्हणजे तिघेही एका रांगेत. "अंतर्गत रचना जिंकली" असं जाहीर करणं म्हणजे तक्त्याचा गैरवापर. आता एकेक आकडा हलवून बघा. आर्किटेक्चरला खर्चाच्या निकषावर २ ऐवजी ३ दिले की २५ गुण वाढतात आणि तेही ३५५ वर येतं. मग प्रश्न असा: तो २ कुठून आला? शुल्क खरंच विचारलं की ऐकीव? शिष्यवृत्ती धरली का? म्हणजे पुढच्या आठवड्याचं काम ठरलं: त्या एका आकड्याची खातरजमा. तक्त्याचा खरा उपयोग एवढाच, की कोणती माहिती मिळाली तर निर्णय बदलेल हे दिसतं. जी माहिती मिळूनही क्रम बदलत नाही, तिच्यामागे धावायचं नाही.

आणि मुलीने एखाद्या पर्यायाची बेरीज कमी आली म्हणून मान खाली घातली, तर ते तोंडावरचं उत्तर वहीत लिहा. ते बेरजेत मावत नाही, पण निकष सांगताना तिने काहीतरी सांगायचं टाळलं होतं हे त्यातून कळतं.

---

तिसरा_पाय

तक्त्याबाबत थोडा मतभेद. १५-१६ वयाच्या मुलांना मी वजनांचा तक्ता देणार नाही. वजन ठरवायला जो अनुभव लागतो तोच त्यांच्याकडे नसतो, मग ३० आणि २५ हे आकडे समुपदेशकाच्या चेहऱ्याकडे बघून येतात. निकषांच्या चिठ्ठ्या करून दोन-दोन समोर ठेवा: यातलं एकच मिळणार असेल तर कोणतं? पाच निकषांच्या दहा जोड्या होतात, दहा मिनिटांत क्रम लागतो, आणि मुलं त्यावर बोलतातही जास्त. १८ च्या पुढे तक्ता चालेल.

"ठरवता येत नाही" याबद्दल. हे एकच दुखणं नाही. गाती आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याची विभागणी केली, ती कामाला सोपी आहे: सुरुवातीलाच तयारी नाही (इच्छा नाही, एकूणच ठरवण्याची भीती, किंवा "एकच अचूक व्यवसाय असतो" यासारख्या समजुती), माहिती कमी, किंवा माहिती आहे पण एकमेकींशी भांडते. तीन प्रश्नांत साधारण कळतं. आज माहितीची पेटी उघडून दिली तर ठरवशील का? "हो" आलं तर माहिती द्या. कपडे, विषय, सहलीचं ठिकाण हेही ठरवता येत नाही का? "हो" आलं तर हा करिअरचा प्रश्नच नाही, आणि आणखी माहितीपत्रकं दिलीत तर गोंधळ वाढेल. तिथे तुमचं मूळ प्रशिक्षण वापरा. ठरवलंस तर घरी कोण नाराज होईल? इथे उत्तर आलं की "उंबरठा" यांनी लिहिलेल्या एकत्र बैठकीकडे जा.

"एकच अचूक व्यवसाय" ही समजूत चाचणीनेच पक्की होते, हे लक्षात असू द्या. डोनाल्ड सुपर यांच्या मांडणीत साधारण १४-१५ ते २४ हा शोधाचाच काळ धरलेला आहे. त्यामुळे १६ व्या वर्षी ठरवायचं ते पुढचं पाऊल: कोणते विषय, कोणता अभ्यासक्रम, आणि त्यातून कुठे कुठे वळता येतं.

शेवटच्या बैठकीत मुलीच्या हातात एक पान द्या, छापील अहवालापेक्षा वेगळं, तिच्याच शब्दांत, तिच्याच अक्षरात:

— सध्याचे पहिले दोन पर्याय आणि प्रत्येकाचं एक ओळीचं कारण
— दोन्ही बंद पडले तर तिसरा
— अजून कळायची राहिलेली एक गोष्ट, कोणाला विचारायची, कधीपर्यंत
— प्रवेशाच्या आणि विषय निवडीच्या तारखा
— परत भेटायची तारीख, साधारण तीन महिन्यांनी

दुसरी प्रत तुमच्याकडे. तीन महिन्यांनी भेटल्यावर तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करा. आणि कोणत्याही शिक्षणसंस्थेकडून प्रवेशामागे तुमच्या केंद्राला पैसे मिळत असतील, तर ते त्याच पानावर, सहीच्या वर लिहा; लिहायला जड जात असेल तर ते पैसे बंद करा.

---

उंबरठा

त्या पानावर वडिलांचीही एक ओळ घ्या: "मी पुढच्या तीन महिन्यांत हे करीन." लेखापालाला भेटून येणं, शुल्काची चौकशी, काहीही चालेल. फक्त "पाठिंबा देईन" असं नको, करता येईल असं काहीतरी लिहून घ्या.